चौथा भिडू

हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचं कौतुक म्हणून आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन करतात. वर्षाला बारा पौर्णिमा, अधिक महिन्याच्या वर्षी तेरा. असा हिशेब करत गेलं की हजाराचा आकडा एक्याऐंशीच्या आतबाहेर भरतो. मग होम, ओवाळणी, नातवंडांची भाषणं आणि जिलबीचं जेवण. एवढ्या सगळ्यात उत्सवमूर्तीला कुणी विचारत नाही, की हजारांतले खरोखर पाहिलेत किती? माझ्या आत्याच्या वेळी तिच्या पणतवाने भर पंगतीत विचारलं. आत्याने पानातली जिलबी मोडता मोडता सांगितलं, "पाहिले असतील वीस-पंचवीस. बाकीच्या वेळी मी भांडी घासत होते."

सगळे हसले. आत्याही हसली. नंतर मात्र मला म्हणाली, "आता बघते हं मी. पौर्णिमेचाच कशाला, रोजचा बघते. अर्धा असला तरी. गच्चीवर जाते. सून म्हणते, अहो आत्याबाई, पडाल. म्हटलं, पडले तर वर बघत पडेन."

एक्याऐंशीव्या वर्षी रात्री गच्चीवर जाऊन चंद्र बघायचा म्हणजे घरात त्याची चर्चा होते. नऊ वाजता अंथरुणाला पाठ टेकायची सोडून हे काय? तेच आत्या गच्चीवर तुळशीला पाणी घालायला गेली असती, किंवा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून फेऱ्या मारायला गेली असती, तर कुणी हूं की चूं केलं नसतं. माझ्या पाहण्यात तरी आपण म्हाताऱ्या माणसांना दोनच तऱ्हेची मौज माफ करतो. एक, जिच्यात पुण्य आहे ती. दुसरी, जिच्यात प्रकृतीला फायदा आहे ती. भजनात टाळ कुटा, चालेल. साखर उतरावी म्हणून चाला, उत्तम. शब्दकोडं सोडवा, स्मरणशक्ती शाबूत राहते असं पेपरात आलंय. पण नुसतंच काहीतरी करावंसं वाटलं म्हणून केलं, असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. "या वयात?" हा प्रश्न तो तोंडाने विचारतो किंवा विचारत नाही, एवढाच फरक.

हास्यक्लबाचंच बघा. 13 मार्च 1995 ला डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत लोखंडवाला भागातल्या बागेत पाच माणसं जमवून पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला ते विनोद सांगून हसवायचे. पंधरवड्यात साठा संपला, आणि राहिलेले विनोद बायकांसमोर सांगण्यासारखे नव्हते. तेव्हा त्यांनी ठरवलं, विनोदच नको, कारणाशिवाय हसायचं. मला त्या सगळ्या प्रकरणातला हाच भाग आवडतो. मोठ्या वयाची शहाणीसुरती माणसं सकाळी बागेत उभं राहून कारणाशिवाय हसतात, म्हणजे केवढी मोठी गंमत! पण पुढे त्याला योग जोडला गेला, रक्तदाब जोडला गेला, फुप्फुसं जोडली गेली. आमच्या बागेतल्या क्लबात आता हसण्याआधी हसण्याचे फायदे सांगतात. ते ऐकताना सगळे गंभीर असतात.

मी फायद्यांच्या विरुद्ध नाही. फायदे होत असतीलही. पण ज्याने चाळीस वर्षं नोकरी केली, हप्ते फेडले, मुलांची शिक्षणं-लग्नं केली, त्याच्या वाट्याला आलेल्या दुपारीचाही हिशेब मागायचा, हे मला पटत नाही.

आमच्या साताऱ्यात जुन्या वस्तीत एक वाचनालय आहे. पुस्तकं आत, आणि बाहेरच्या ओसरीवर रोज चार ते सहा मेंढीकोटाचा डाव. मी पुस्तक बदलायला जाते आणि पुस्तक मिळाल्यावरही बराच वेळ रेंगाळते. भिडू वर्षानुवर्षं तेच. निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. टेलरमामा, ज्यांनी निम्म्या गावाचे शाळेचे गणवेश शिवले. फौजी; साताऱ्यात फौजी नसलेला कट्टा सापडणं अवघड. आणि तलाठी भाऊसाहेब. मास्तर आणि टेलरमामा एका बाजूला, फौजी आणि भाऊसाहेब दुसऱ्या.

या चौघांत सगळ्यांत लबाड कोण, तर मास्तर. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस, पण पत्ते पिसताना खालची दश्शी वर कशी येते हे त्यांनाच ठाऊक. टेलरमामांना खूण करायची असली की ते कानाची पाळी खाजवतात. फौजींना ही खूण माहीत आहे, मास्तरांना फौजींना माहीत असल्याचं माहीत आहे, तरी पाळी खाजवणं चालूच. फौजी स्वतः हरायला लागले की कानातलं यंत्र बंद करतात. मग त्यांना ना चिडवणं ऐकू येतं, ना "हुकूम बोला" ऐकू येतं. भाऊसाहेबांकडे जमाखर्च. कुणाला किती कोट बसले, कधी बसले, ते सगळं एका वहीत तारीखवार. वाद झाला की वही उघडायची. फौजी म्हणायचे, "यांच्या वहीत एकदा नोंद चढली की हायकोर्टातसुद्धा उतरत नाही."

घरून कुणी बोलवायला आलं की ओसरीवरचा आवाज एकदम खाली येतो. मास्तरांच्या सुनेने एकदा स्पष्टच सांगितलं, "बाबा, पत्ते खेळताना माझे विद्यार्थी तुम्हाला बघतात." ती कॉलेजात शिकवते. मास्तरांनी त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी छापील आणलं. 2018 च्या आशियाई स्पर्धांत जाकार्ताला भारताला ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळालं होतं. प्रणब बर्धन साठ वर्षांचे, शिबनाथ सरकार छप्पन्न वर्षांचे. जुनं कात्रण कुठून तरी शोधून त्यांनी ते फ्रिजवर चिकटवलं. सून म्हणाली, "बाबा, ते ब्रिज आहे. तुमचं मेंढीकोट आहे." त्यावर मास्तरांचं म्हणणं, सरकारने अजून मेंढीकोटाची दखल घेतली नाही, हा काही मेंढीकोटाचा दोष नाही.

हेच मास्तर दर गुरुवारी एसटी स्टँडवर जातात. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. त्याआधी पासष्टच्या पुढच्यांना अर्धं तिकीट होतंच. पंचाहत्तरच्या आतल्यांना ते अजून आहे. मास्तर आधार कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून निघतात. फलाटावर जी गाडी लागलेली असेल आणि जिच्यात खिडकी मिळेल, ती त्यांची. वाई, कोरेगाव, मेढा, रहिमतपूर. वाईला गेले तर घाटावर बसायचं, भेळ खायची आणि परतीची गाडी धरायची. ढोल्या गणपतीचं दर्शन घेतात का, असं मी विचारलं. म्हणाले, "लांबून हात जोडतो. आत गेलं की गाडी चुकते."

एकदा पाटणला गेले आणि यायला अंधार पडला. घरी सगळे दारात. मुलाने विचारलं, "काय काम होतं पाटणला?" मास्तर म्हणाले, "काही नाही." मुलगा म्हणाला, "काही काम नव्हतं तर गेलात कशाला?" मास्तरांना या प्रश्नाचं खरोखर आश्चर्य वाटलं. मला सांगताना म्हणाले, "अहो वहिनी, काम असतं तर गेलोच नसतो. कामासाठी मी अडतीस वर्षं गेलो."

फौजी चौऱ्याहत्तरचे. त्यांना अजून अर्धं तिकीट पडतं, आणि जत्रेची वाट बघणाऱ्या पोरासारखे ते पंचाहत्तराव्या वाढदिवसाची वाट बघतायत. पेन्शन चांगली आहे, पैशांचा प्रश्न नाही. फुकट जायचंय, एवढंच. महाबळेश्वरपर्यंत जायचं आणि खाली न उतरता त्याच गाडीने परत यायचं, असा बेत आहे. कंडक्टर काय म्हणेल, याची मजा ते आत्तापासून घेतात.

आता हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला टोचते आहे. ओसरीवर चारही पुरुष. स्टँडवर गुरुवारी भटकणारेही पुरुष. त्यांच्या बायका कुठे आहेत? पुरुष अठ्ठावन्न-साठला निवृत्त होतो. बाई सत्तरीतही कुकरच्या शिट्ट्या मोजते. नोकरी करणारी बाई दोनदा कामाला लागते आणि एकदाच निवृत्त होते. खेळायला आधी मोकळी दुपार लागते, आणि ती बाईच्या दिवसात कुठे असते ते शोधावं लागतं.

म्हणून बायकांची गंमत कामाच्या आत दडलेली असते. उडदाच्या पापडांचं पीठ कुटून झालं की गच्चीवर लाट्या पडतात. लाटणाऱ्या पाचजणी, आणि त्यांतली सर्वांत वयस्कर बाई पापड कमी लाटते, लाट्या जास्त खाते. तेलाचं बोट लावून, हळूच. पोरांना मात्र दरडावते, पोट दुखेल म्हणून. माझी सासू यात पटाईत होती. तिला दातांची कवळी होती. लाटी कवळीला चिकटायची आणि तिचं बोलणं बंद व्हायचं. आम्ही मुद्दाम त्याच वेळी तिला प्रश्न विचारायचो. ती हातवाऱ्यांनी उत्तर द्यायची, शिव्यासुद्धा हातवाऱ्यांनी.

किंवा भोंडला. पाटावर हत्ती काढून फेर धरायचा तो मुलींनी, पण खिरापत ओळखायची वेळ आली की खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या सरसावून बसतात. डबा वाजवून बघायचा अधिकार त्यांचा. "गोड की तिखट? ओली की कोरडी?" सगळी चौकशी कोर्टात साक्षीदाराची घ्यावी तशी नेटाने. आमच्या सोसायटीत एका आजींची गेली काही वर्षं कुणाला खिरापत ओळखता आलेली नाही, कारण त्या दर वेळी डब्यात पदार्थाबरोबर दोन-चार सुट्ट्या सुपाऱ्या टाकून आवाज बदलतात. यावर फार वाद झाला. हे नियमात बसतं का? नियम कुठे लिहिलेत, असं आजींनी विचारलं. तेही खरंच.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकांनी गावाच्या मदतीने ती उभी केली. साठपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर-पाटी घेऊन येतात. शाळा भरते दुपारी, घरची कामं उरकल्यावर. म्हणजे तिथेही आधी काम. शिकवायला गावातलीच सून. तिच्या वर्गात तिची स्वतःची सासूही बसली. सासूचा गृहपाठ सुनेने तपासायचा, या कल्पनेत केवढी मोठी करमणूक आहे, ते कुठल्याही घरातल्या माणसाला सांगायला नको. साक्षरतेचे आकडे सांगणाऱ्यांनी सांगावेत. मला त्या फोटोंमध्ये दिसतं ते गुलाबी दप्तर आणि ते खांद्याला लावतानाचा तोरा. या बायकांना त्यांच्या सहाव्या-सातव्या वर्षी दप्तर मिळालं नाही. मिळालं असतं तर ते कामाचं दप्तर झालं असतं. आत्ताचं खास हौसेचं आहे.

हौसेला पुण्याची चौकट चालते, हेही मान्य केलं पाहिजे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते, आणि लोणंद सोडल्यावर तरडगावच्या आधी चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. अश्व धावून गेले की रस्त्यावरच खेळ सुरू होतात. डोक्यावरची तुळस शेजारणीच्या हाती देऊन साठी-सत्तरीच्या बायका फुगडी घालतात. पुरुषही घालतात. धोतर खोचलेले, पायांना फोड आलेले, गावी सरपंच असलेले. नवरा-बायको एकमेकांचे हात धरून फुगडी घालतात. गावच्या चौकात हे त्यांनी केलं तर महिनाभर चर्चा होईल. इथे सगळेच माउली, आणि माउलीला वय विचारत नाहीत. तुकोबांच्या गाथेत फुगडी, हुतूतू, हमामा, हुंबरी अशा खेळांवरचे अभंग आहेत. टीकाकार त्यांतलं अध्यात्म उलगडून दाखवतात, आणि ते असेलच. पण फुगडी न घातलेल्या माणसाला त्या चालीवर शब्द बसवता येणार नाहीत, असं मला आपलं वाटतं.

म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, हे मात्र मला मान्य नाही. फार ऐकून घेतलं आजवर. मूल खेळता खेळता वाढतं, शिकतं, उद्याची तयारी करतं; त्याच्या खेळाला पुढे जाऊन उपयोग आहे. मास्तरांच्या मेंढीकोटाचा उद्या काही उपयोग नाही. मुलाला वाटतं खेळ कधी संपूच नये. ओसरीवरच्या चौघांना तो सहा वाजता संपतो हेही माहीत होतं आणि एक दिवस कायमचा संपतो हेही. माहीत असून ते दश्शीसाठी हमरीतुमरीवर यायचे. हे पोरपण नव्हे. याला बराच अनुभव लागतो.

शिवाय शरीर साथ देतंच असं नाही. गुडघे, मोतीबिंदू, रात्री चारदा उठणं. फुगडी गेली की झिम्मा, झिम्मा गेला की बसून सागरगोटे, बोटं आखडली की नुसतं बघणं आणि चुका काढणं. चुका काढायला अंगात ताकद लागत नाही, म्हणून बहुतेकजण शेवटी तिथे येऊन पोचतात आणि घरचे त्याला किरकिर म्हणतात. त्यातली काही खरोखर किरकिर असते. काही खेळ असतो. ओळखू यायला हवा.

गेल्या पावसाळ्यात भाऊसाहेब गेले. झोपेत. बारा-तेरा दिवस ओसरी रिकामी होती. मग एके दिवशी चार वाजता तिघे येऊन बसले. मेंढीकोटाला चार लागतात. मास्तरांनी गठ्ठ्यातून दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे पत्ते आणि दोन सत्त्या काढून बाजूला ठेवल्या. उरले तीस. प्रत्येकाला दहा. पाच-तीन-दोन. काही न बोलता वाटायला सुरुवात केली. पत्त्यांत कुणीतरी फार विचार करून ठेवला आहे: चौघं असाल तर मेंढीकोट, तिघं असाल तर पाच-तीन-दोन, दोघं उरलात तर भिकार-सावकार. आणि एकच उरला तर पेशन्स.

पण पाच-तीन-दोनमध्ये भिडू नसतो. ज्याचं त्याने बघायचं. कुणाला खूण करायची नाही, त्यामुळे टेलरमामांच्या कानाच्या पाळीला काम उरलं नाही. चिडवायचं म्हटलं तरी एकाच बाजूने. तीन-चार आठवडे त्यांनी कसेबसे काढले. मग एक दिवस मी पुस्तक घेऊन पायऱ्या उतरत होते, तर फौजी घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला मेंढीकोट येतं का?"

मला मेंढीकोट येतं का! मे महिन्याच्या सुट्ट्यांत आमच्या आजोळी माडीवर दुसरं काय चालायचं? लग्नानंतर मात्र पत्ते हातात आले ते फक्त रात्रीच्या प्रवासात, किंवा मुलं आजारी पडल्यावर. मी पिशवी खाली ठेवली. घरी भाजी चिरायची होती. ती घरच्या दुसऱ्या कुणालाही चिरता येते, हे मला त्या क्षणी आठवलं.

फौजींच्या समोर बसले, भाऊसाहेबांची जागा. वही तिथेच कोनाड्यात होती, फौजींनी ती माझ्यापुढे सरकवली. वाचनालयातून बाहेर पडणारे दोघे-तिघे थबकले. ओसरीवर पत्ते खेळणारी बाई त्यांनी पाहिली नसावी. पाहू देत.

कट हुकूम ठरला. टेलरमामांनी उतारी केली, बदामाचा एक्का. फौजींनी छक्की टाकली. मास्तर खुलले, भिडूचा एक्का पडलाय म्हटल्यावर त्यांनी ऐटीत बदामाची दश्शी टाकली आणि मांडीवर थाप मारली. माझ्या हातात बदाम एकही नव्हता. मी किल्वरची दुर्री टाकली.

"किल्वर हुकूम!" फौजी ओरडले. यंत्र चालू होतं म्हणायचं.

"थांबा, थांबा," मास्तर म्हणाले. "माझा चष्मा धुक्याने... मी दश्शी नव्हती टाकायची. ती सत्ती समजून पडली. वहिनी, द्या ती इकडे."

"धुकं कुठलं आलं चार वाजता?"

"नवीन भिडूने पहिल्या दिवशी पहिली दश्शी परत करायची असते. तसा नियम आहे."

"नियम कुठे लिहिलाय?" मी विचारलं, आणि चारही पत्ते ओढून वहीखाली ठेवले.